जाऊबाईंचा डावा हात

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा तेच. जाऊबाईंचा डावा हात ताठ माझ्या कपाळावर आणि मी आपली हवेत ठोसे मारतेय. ग्लोव्ह नाकासमोर — धड दिसत नाही, जवळ जाता येत नाही. आत घुसायला जावं तर मागून त्यांचा उजवा आलाच. तीन फेऱ्यांत माझा एकही ठोसा लागला नाही. वर म्हणतात, "अगं, चिडतेस काय? चिडलीस की तुझी हनुवटी वर येते."

चिडू नको तर काय करू.

घरी सासूबाईंचं नेहमीचं — "माझ्या सुना भांडायला बाहेर जातात, म्हणून घरात शांतता." सगळे हसले. मी नाही हसले.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

क्लबातले बॉक्सिंगचे सर म्हणाले, स्पर्धेला आमच्या वजनगटात क्लबातून एकच जाणार. म्हणजे आम्हा दोघींतली एक. एकवीस तारखेला आपसात लढत, जिंकेल ती जाईल. चाळिशीनंतर घेत नाहीत आणि जाऊबाईंना मेमध्ये चाळीस पूर्ण. त्यांची ही शेवटची संधी. माझ्याकडे अजून सहा वर्षं आहेत.

तरी मला यंदाच जायचंय. हे इथेच लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा मी चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून होते. कुरिअरची नोकरी जाता जाता राहिली. जाऊबाईंनीच दंडाला धरून उठवलं आणि क्लबात नेऊन उभं केलं. "रडायचं ते तिथे रड, लोकांना घाम वाटेल." पहिल्याच महिन्यात मी डोळे मिटून असा काही उजवा फिरवला की त्यांचा डोळा आठवडाभर काळानिळा! सासूबाईंना सांगितलं, कपाटाचं दार लागलं. किती हसलो होतो दोघी.

आणि आता त्याच बाईची जागा मला हवीय.

९ फेब्रुवारी, सोमवार

सरांना विचारलं, त्या लांब हाताचं करायचं काय. सर दिवसभर लिफ्ट दुरुस्त करतात, बोलतातही मोजकं. "डाव्याने तिचं मनगट खाली दाब. ओढू नकोस, नुसतं दाब. त्याच वेळी उजवीकडे एक पाऊल, तिच्या हाताच्या बाहेर. मग वरून उजवा." शंभरदा करून घेतलं.

मग ग्लोव्ह काढता काढता म्हणाले, "पूर्वी ती असा हात धरत नसे. आता धरलाय तो सोडत नाही."

११ फेब्रुवारी, बुधवार

नाही जमलं. मनगट दाबलं की त्या कोपर वाकवून हात सोडवतात आणि पुन्हा कपाळावर ठेवतात. खांदे भरून आलेत.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी. सकाळी जाऊबाई शिलाई मशीनपाशी बसल्या होत्या, गिऱ्हाइकाची पँट कमी करायची होती. सुई ओवत होत्या. दोरा सुईच्या अलीकडेच जाई. चार वेळा. मग सुईचं नेढं बोटाने चाचपून ओवलं. मी त्यांच्या डाव्या बाजूने कात्री पुढे केली, तर घेईनात. दंडाला लागली तेव्हा दचकल्या.

चहा ओततानाही किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवून मगच ओततात. हे मी रोज बघते. आज कळलं.

त्यांना डाव्या डोळ्याने दिसत नाही. तो लांब हात डावपेच नाहीच. मी किती लांब आहे ते त्या हाताने चाचपतात.

सरांना सांगायला हवं. पण सांगितलं तर ते त्यांना लढू देणार नाहीत, त्यांचं मन मोडेल, म्हणून गप्प बसले — असं मी स्वतःला सांगतेय. खरं काय ते मला ठाऊक आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

हाताच्या बाहेरचं पाऊल म्हणजे त्यांची डावी बाजू. दिवसभर डोक्यात तेवढंच.

२१ फेब्रुवारी, शनिवार

जिंकले.

मनगट दाबलं, बाहेर पाऊल टाकलं, वरून उजवा. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी हात पुढे केला तो मी मघाशी होते तिथे, आणि तिथे कुणीच नव्हतं. ग्लोव्ह हवेत नुसता शोधत होता. तरी मी मारलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जाऊबाईंनी मला जवळ घेतलं. "शिकलीस हो." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२२ फेब्रुवारी, रविवार

स्पर्धेसाठी माझी शॉर्ट कमरेत आत घ्यायला बसल्या. सुई माझ्याकडे दिली — "ओवून दे गं जरा." दिली ओवून. जेवण गेलं नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सांगून टाकलं. वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होतो, दोन टोकं त्यांच्याकडे, दोन माझ्याकडे. म्हटलं, "ताई, तुमच्या डोळ्याचं मला माहीत होतं. माहीत असून मी त्याच बाजूने मारलं. स्पर्धेला तुम्ही जा."

त्यांनी आपली दोन टोकं जुळवून माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, "जायचं तूच. मी सरांना सांगून सराव बंद करणारच होते."

"मग डॉक्टरकडे तरी चला."

"दाखवलंय मागे."

"कधी? मी येते बरोबर, काय म्हणतात बघू."

"तू नको येऊस." एवढ्या तुटकपणे त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. मी ऐकतेय थोडीच. आमच्या नेहमीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली.

२८ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरांनी जुना कागद काढून वाचला. डावा डोळा, ठोशाचा मार, मागची नस दुखावलेली, नजर परत येणार नाही. तारीख दीड वर्षापूर्वीची. कपाटाच्या दाराच्या आठवड्यातली.

बाहेर बाकावर त्या म्हणाल्या, "तेव्हा सांगितलं असतं तर तू पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली असतीस."

जिन्यापाशी त्यांनी डावा हात पुढे केला, कठडा चाचपायला. मी त्या बाजूला जाऊन उभी राहिले.