रुंद पानांच्या झाडाचा तपास

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, आता काठीशिवाय चार पावलं टाकतेस, हे भाचीकडून कळलं. जीव भांड्यात पडला. आमचं सगळं ठीक आहे. (मासेही ठीक. झाडाबद्दल खाली लिहितो. घाबरू नकोस, पण बसून वाच.)

माशांची टाकी माझ्या हवाली करून तू लेकीकडे गेलीस, तेव्हा भाऊजींनी वारण्याआधी तिच्यात लावलेलं ते रुंद पानांचं झाड हिरवंगार होतं. आठव्या दिवशी जुन्या पानांना भोकं पडली, दहाव्या दिवशी नवी पानं पिवळी झाली, आणि आता देठं लिबलिबीत होऊन गळताहेत. पंपांच्या कारखान्यात तीस वर्षं तपासणी खात्यात काढलेला माणूस मी. उघडून पाहिल्याशिवाय एकही पंप पुढे जाऊ दिला नाही. आपोआप काही बिघडत नसतं, कोणीतरी बिघडवतं, एवढं मला कळतं.

पहिला संशय गोगलगायीवर. तिला चार दिवस वेगळ्या बरणीत अटकेत ठेवलं, तरी पानं गळतच राहिली. तिला सन्मानाने सोडलं, पण माझी नजर आहे. मग तो नारिंगी मासा. मी भिंग घेऊन आलो की नेमका झाडामागे जातो. (मनात काही नसेल तर लपायचं कशाला?) मग माशांचा दुकानदार. म्हणे, जुन्या पानांना भोकं म्हणजे पोटॅश कमी, नवी पिवळी म्हणजे लोह कमी, आणि दोन्हींच्या बाटल्या त्याच्याच फळीवर. रोग सांगणारा आणि औषध विकणारा एकच, म्हटल्यावर मी काय ते समजलो. वर मलाच विचारतो, "काका, झाडाला सारखा हात तर लावत नाही ना?" एवढा अपमान कारखान्यातही झाला नव्हता. तडक निघून आलो.

आता मन घट्ट कर. संशय घरातच येऊन थांबलाय. पहिल्याच आठवड्यात झाडाच्या बुडाशी एक पिल्लू फुटलं होतं, ते एका सकाळी गायब. माशाच्या तोंडात मावेल एवढं लहान ते नव्हतं. तेव्हापासून तुझी भावजय स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा सदा ओढून ठेवते, आणि मी पाणी प्यायला गेलो तरी काय हवंय म्हणत आडवी येते. पेपरला भोक पाडून दोन दिवस पाळत ठेवली. दुसऱ्या दिवशी तिने माझा चष्मा आणून दिला. हे वागणं सरळ माणसाचं नाही.

ताई, खरं सांगतो, मला रडू येतं. भाऊजी गेल्यावर तू त्या झाडाशी बोलायचीस, ते मी ऐकलंय. ते मेलं तर कुठल्या तोंडाने तुझ्यासमोर उभा राहू?

तुझा धाकटा

ता. क. १ : माझ्याकडून कसूर नाही. रोज सकाळी झाड मुळासकट बाहेर काढतो, मुळं फडक्याने पुसून भिंगाखाली पाहतो आणि पुन्हा अगदी त्याच जागी लावतो.

ता. क. २ : तेव्हा आणखी पंधरा दिवस लेकीकडेच राहा. गुडघ्याला विश्रांती बरी.

ता. क. ३ : वन्सं, नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय. तुम्ही ठरल्या दिवशीच या. ते पिल्लू मी काढून घेतलंय. खिडकीतल्या बरणीत त्याला चार नवी पानं आलीत, पाचवं येतंय. यांना मात्र एवढ्यात कळवू नका. तपासायला घेतील.