चार बोटं माया

रविवार, सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. तू बरा असशील, वहिनी बरी असेल, आम्हीही बरे आहोत. हे लिहायचं असतं म्हणून लिहिलं, आता खरं लिहिते.

वृद्धाश्रमात जागा झाली आहे, बुधवारपर्यंत हो की नाही सांग, हा तुझा निरोप पोचला. फोनवर तुझ्यापुढे माझं काही चालत नाही, म्हणून हे पत्र.

बाबांची पाठ तशीच आहे. मणक्यांनी संपच पुकारलाय. उठवताना आधी कुशीवर वळवायचं, मग पाय खाली सोडायचे, मग कमरेचा पट्टा आवळायचा. पट्टा आवळला की रोजचं ठरलेलं, "कारागीर कोण हो याचा? कमरेत झोळ आलाय!" जन्मभर मशीनवर वाकून लोकांचे कपडे शिवले, पाठीचं मातेरं करून घेतलं, तरी दुसऱ्याच्या शिवणीत खोट काढल्याशिवाय चैन नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं.

तू म्हणाला होतास, "ज्या दिवशी तुला ओळखणार नाहीत, त्या दिवशी हट्ट सोड. मग कुठेही असले तरी त्यांना काय फरक पडणार?" मी हो म्हटलं होतं. तेव्हापासून तू दर फोनला विचारतोस, "ओळखतात ना गं?" आणि मी पाण्याच्या मोटरचं रडगाणं सुरू करते.

नाही ओळखत. बरेच महिने झाले. मला 'बाई' म्हणतात, अहोजाहो करतात. सख्ख्या बापानं "बसा ना" म्हणावं! पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी स्वयंपाकघरात नळ सोडून रडले. एकदा, नुसतं एकदा "ए धाकटे" म्हणून हाक मारावी, एवढ्यासाठी जीव आसुसलाय रे.

काल दुपारी त्यांनी टेप मागितली. मला समोर उभं केलं आणि माझा खांदा मोजला.

"तुमच्यावरून अंदाज घेतो, बाई. आमच्या धाकटीचा फ्रॉक बेतायचाय. शाळेतून येईलच आता."

"अहो, मी केवढी घोडी! माझं माप तिला कसं चालेल?"

"पोर वाढती आहे. आत चार बोटं माया ठेवतो."

माया आठवते ना? शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. गिऱ्हाइकांना दोन बोटं ठेवायचे, आपल्याला चार.

मी म्हटलं, "एवढी कशाला?"

"उद्या मी नसलो तर उसवून मोठा करून घेईल."

मग दाराकडे तोंड करून बसले. संध्याकाळपर्यंत पाठ भरून आली, आडवे व्हा म्हटलं तर ऐकेनात. "पोरगी घरी आल्याशिवाय कसा पडू?" मीही शेजारी स्टूल ओढून बसले, त्यांच्याबरोबर माझीच वाट बघत.

दादा, ते मला ओळखत नाहीत, पण वाट माझीच बघतात. तिथे नेलं तर कुठल्या दाराकडे बघत बसतील?

तेव्हा नाही म्हणून कळव. रागाव हवं तर. पण एकदा ये. तुला ओळखतील असं वचन देत नाही, माप मात्र घेतील.

शाळेतून अजून न आलेली,
तुझी धाकटी