काचेमागची खुर्ची

प्रिय ताई,

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. तिकडे तुझ्याकडे आईने अंथरूण धरलंय, डॉक्टरांनी आठवडाच सांगितलाय, हे तीनदा वाचलं. तेही इथेच, रस्त्याकडच्या काचेमागे बसून. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, कारण समोर इस्त्रीवाली उभी होती. मला बघून काचेवर टकटक केल्याशिवाय ती कामाला जातच नाही.

आपण या परक्या मुलखात आलो, बाबांनी पहिली पुंजी एका पेढीत ठेवली आणि पेढीवाला पळाला. बाबा तीन दिवस त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभे होते. भाषा येत नव्हती, विचारणार कोणाला? म्हणून मी बँक काढली तेव्हा आईने स्वतः खुर्ची काचेशी ओढली आणि बजावलं, लोकांना तू रोज दिसायला हवास. मी शहाणा! बाहेर पाटीच लावली, खुर्ची रिकामी दिसली तर खुशाल पैसे काढून न्या.

हमाल, शिंपी, धुणीभांडी करणाऱ्या बायका, मोठ्या बँकांनी ज्यांना दारातही उभं केलं नाही, त्यांना मी अंगठ्यावर कर्ज दिलं. असं करणारा पहिलाच म्हणून पेपरात फोटो आला, तू कात्रण जपलंस. पण ताई, एकतीस वर्षांत मी गाव सोडलेलं नाही गं. न्हावी इथेच येऊन केस कापतो. दाढ काढायला तासभर गेलो, तर परतेपर्यंत पासबुकं घेऊन कोपऱ्यापर्यंत रांग! सुजल्या गालाने हसत बसलो. एकदा कारकुनाला बसवून पाहिलं, तर लोक त्यालाच विचारायला लागले, साहेब पळाले का? बाबांना स्मशानात पोचवून आलो, तेही थेट या खुर्चीत.

पाटी काढली तरी रांग लागेल, नाही काढली तरी लागेल. एवढ्या लोकांचे पैसे कर्जात गुंतलेत, एका दिवसात कुठून देऊ? जीव नुसता कोंडतोय. राग येतो, आईचासुद्धा येतो, आणि मग लाज वाटते.

म्हणून लिहितोय. ती शुद्धीवर आहे तोवर हे तिच्या कानाशी वाच. मला इथे तिनेच बसवलंय. आता ऊठ, एवढंच तिच्या तोंडून ऐक आणि तार कर. मग बँकेचं काय व्हायचं ते होवो, मी निघतो. आणि ती नाही म्हणाली, तर ताई, तू खोटं लिही.

तुझाच,
काचेतला धाकटा