राक्षस काढलेला गेम

कडा, मंगळवार, दिवेलागण

राक्षस काढून टाकले ते बरं केलं, असं दुपारपर्यंत वाटत होतं.

कॉलेजात असताना मोबाइलसाठी गेम करायला घेतला होता. उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर आणि मागं लागलेले राक्षस. राक्षस काही धड पळेनात, म्हणून सोडून दिला. ट्रॅक्टर मात्र झकास चालायचा. यंदा वहिनी त्यावर ट्रॉली मागं घ्यायला शिकायला लागली. स्टेअरिंग डावीकडं, ट्रॉली उजवीकडं! तिच्यासाठी मी राक्षस पुसले, साखर कारखान्याचं, ट्रॉल्या रांगेत लावायचं यार्ड उभं केलं.

आज दादा तापानं पडलेला. खऱ्या यार्डात वहिनीच ट्रॅक्टर घेऊन गेली, मी मडगार्डवर. सगळे ड्रायव्हर बघायला गोळा झाले. ट्रॉली दोनदा वाकडी गेली, मग रांगेत सरळ बसली. काय सांगू!

येताना वहिनी म्हणाली, "वन्सं, ट्रॉलीचं काई न्हाई, बघणाऱ्यांचाच धाक वाटत होता. ते राक्षस काहून काढले? परत टाका की."

हे मला कसं सुचलं नाही? टाकतेच. आता त्यांना पळायचंही नाही, नुसतं उभं राहून बघायचंय. तेवढं त्यांना पहिल्यापासून जमतं.