फाटकावरचा कॅमेरा

सांगली,
मंगळवार, १४ डिसेंबर १९९९

प्रिय वीरधवल,

हे पत्र दुकानात फोडू नकोस. भट्टी विझली, गिऱ्हाईक गेलं, की घरी नेऊन वाच आणि मग अंकितालाही वाचायला दे, घरची सून म्हणून तिलाही कळू दे. फोनच केला असता, पण आमच्या कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये माझ्या मागे माणसं खोळंबलेली असतात आणि तिकडून तू ‘ताई, पटकन सांग, कुठला घ्यायचा तेवढं सांग’ म्हणत असतोस. पटकन सांगण्यासारखं आता काही राहिलेलं नाही. रविवारपासून माझं कशातच लक्ष नाही. काल पाचवीच्या पोरांना आधी शिकवून झालेलाच धडा पुन्हा शिकवला. बिचाऱ्यांनी तोही गुपचूप शिकून घेतला.

आधी तुझ्या कॅमेऱ्याचं सांगते, नाहीतर तुझा जीव तिथेच अडकून राहील. बाहेर लावता येईल, अंधारात दिसेल आणि खिशाला झेपेल असा बघ, म्हणालास. मदुराईत बसून हुकूम सोडायला तुझं काय जातं? इथे दुकानात कॅमेरा मागितला की लोक फोटोचा काढून दाखवतात. एकाने मला लग्नाचं शूटिंग करणारा माणूस गाठून दिला आणि त्याने मुहूर्त कधीचा म्हणून विचारलं. शेवटी दादासो म्हणून एक जण भेटले, पतपेढ्यांमधून असले कॅमेरे बसवतात. माणूस सरळ. मला म्हणाले, “ताई, रंगीत घिऊ नका. दिवसा लय झ्याक दिसतंय, पण दिस बुडाला की आंधळं हुतंय.” काळा-पांढराच घ्यायचा, भिंगाभोवती बारीक दिव्यांचं कडं असलेला. त्या दिव्यांचा उजेड आपल्याला जवळजवळ दिसत नाही, कॅमेऱ्याला मात्र दिसतो. खोक्यावर तीस फूट लिहिलेलं असतं, त्यातलं निम्मंच खरं मानायचं. पावसासाठी वर पत्र्याचं टोपरं हवं, लाइट गेली तर बॅटरी हवी, आणि वायर ओढून आपल्याच टीव्हीला जोडता येतो, त्यामुळे वेगळा पडदा नको. चित्र साठवून ठेवायचं तर व्हीसीआर रात्रभर चालवायचा आणि कॅसेटी बदलत बसायच्या. ते मी आपलं आपणच रद्द केलं. आण्णा कॅसेटी बदलणार आहेत होय?

हे सगळं कशासाठी, तर फाटकाच्या कुलपासाठी. गावाकडे आपला बंगला तू बांधलास, त्याला चांगलं हत्ती जाईल एवढं फाटक लावलंस, आणि त्यात राहायला आई गेल्यापासून आण्णा एकटे. आजूबाजूचेही सगळे तुमच्यासारख्या, सोनं-चांदी गाळायला परमुलखात गेलेल्या गलाईवाल्यांचेच बंगले, जत्रेला तेवढे उघडतात, एरवी संध्याकाळ झाली की त्या गल्लीत दिवा लागलेलं घर आपलंच. दसऱ्यापासून सकाळी कधीकधी कुलूप निघालेलं सापडायला लागलं. चोरी काही नाही, फक्त कुलूप काढून कडीला लटकवलेलं. दुसरी किल्ली आपल्या गुंडा गड्याकडे, म्हणून तू मदुराईहून न्याय केलास. आई होती तेव्हापासून आपल्या व्हरांड्यात झोपणारा माणूस तू फोनवरून बंद केलास. मी तुला म्हणाले होते, जरा थांब. तू म्हणालास, धंद्यात विश्वासावर चालत नाही. गुंडाने किल्ली माझ्या हातात दिली आणि पायात चप्पल सरकवून निघून गेला, एका शब्दाने भांडला नाही. त्याचं न भांडणंच मला टोचत राहिलं, आणि तुला ते कबुलीसारखं वाटलं. त्यानंतरही कुलूप निघत राहिलं, तर तू म्हणे त्याने डुप्लिकेट करून ठेवली असणार. म्हणून कॅमेरा.

शनिवारी दादासो आणि मी विट्याच्या गाडीने गेलो, तिथून जीपने गावात. एक रात्र चालवून बघा, पटला तर ठेवा, असं ठरलं. पोर्चच्या खांबाला बांधून टीव्ही लावला, तर पडद्यावर नुसता पांढरा धूर. तू खांबांना पांढराशुभ्र ऑइलपेंट दिला आहेस ना, त्यावरून उजेड उलटा येत होता. मग खांब सोडून छज्ज्याखाली बसवला. दादासो परत गेले. आण्णा मात्र खूश. पितळी तांब्यात पाणी घेऊन टीव्हीसमोर बसले आणि स्वतःच्या फाटकाकडे बघत राहिले. मी बातम्या लावू का विचारलं तर म्हणाले, “ऱ्हाऊ दे गं. ह्येच बरं हाय. ह्यात कुणी मरत न्हाई.” जेवले, गोळी घेतली, माझ्या धाकट्याची चौकशी केली, तुझ्या पोरीला दात आले का विचारलं. अगदी नेहमीसारखे. ती आता पहिलीत आहे हे मी त्यांना सांगितलं. विसरले असतील, म्हटलं. या वयात माणसं विसरतात.

ते झोपले आणि मी दिवाणावर पडून टीव्ही बघत राहिले. झोप कुठली? काळ्या-पांढऱ्या पडद्यावर आपलंच फाटक परक्या गावातलं वाटत होतं. भिंगासमोर कोळ्याने धागा ओढला तो दोरखंडासारखा दिसायला लागला. एक कुत्रं आलं, त्याचे डोळे दोन बल्बांसारखे चमकले. उठून कड्या तपासल्या, पुन्हा पडले, पुन्हा उठले. गुंडा दिसला तर काय करायचं हे मनात घोकत होते, आणि तो दिसू नये असंही वाटत होतं.

पहाटे चोर आला, तो बाहेरून नाही. पडद्यावर पोर्चच्या पायऱ्या उतरताना आण्णा दिसले. अंगात सदरा, कमरेला लुंगी, मदुराईचं दुकान ते स्वतः चालवायचे तेव्हाचा फोटो तू दुकानात लावलायस ना, अगदी त्यात आहे तशी गुडघ्यावर दुमडलेली. त्यांनी फाटकाचं कुलूप काढलं, दुकानाच्या शटरचं काढावं तसं, कडीला लटकवलं. पाणी शिंपडलं. मग खराटा घेतला आणि झाडायला लागले, वीरधवल, ते फाटकाकडून घराकडे झाडत होते. बाहेरून आत. आपल्या गावात कुठली बाई असं झाडते? केर घराबाहेर जातो. आत ओढतात ते फक्त तुम्ही लोक, दुकानात, सोन्याचा कण उंबऱ्याबाहेर जाऊ नये म्हणून. आण्णांनी सगळी धूळ गोळा केली, पावडरच्या रिकाम्या डब्यात भरली, झाकण लावलं, आणि फाटकाशी पायरीवर बसून रस्त्याकडे बघायला लागले. मध्येच मान वर करून त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे त्या कुत्र्यासारखेच पांढरे चमकले. माझे वडील मला भीतिदायक वाटले, हे मी तुला लिहिते आहे, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

शाल घेऊन बाहेर गेले. थंडी मरणाची आणि ते सदऱ्यावर. मला पाहून उठले, हसले, हाताने बसायची खूण केली आणि तमिळमध्ये बोलायला लागले. भरभर, लाघवी, गिऱ्हाइकाशी बोलतात तसं. मी म्हटलं, आण्णा, मी अंजना. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तमिळमध्येच काहीतरी विचारलं. मी शाल पांघरली तर संकोचले. परक्या बाईने अंगाला हात लावल्यासारखे मागे सरले. दूधवाल्याची सायकल वाजेपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो. उजाडल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, “कवा आलीस गं अंजे? च्या ठिवतीस का?” मी चहा ठेवला. कपाटामागे पाहिलं, तर तसल्या डब्यांची रांगच होती.

मग मी गुंडाकडे गेले. मी काही विचारायच्या आत त्यानेच ओळखलं. म्हणाला, “ताई, मला ठावं हुतं. दसऱ्यापासनं चाललंय. मी उठून गप शेजारी बसायचो, झालं की हाताला धरून आत न्यायचो आन् कुलूप लावायचो. कवा झोप लागली तर ऱ्हायचं तसंच.” मी विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीस, तुझ्यावर आळ आला तरी? तर म्हणाला, “मालकांचं डोकं फिरलंय असं माज्या तोंडानं कसं सांगू? गावात चार लोकं हसली असती.” मला त्याचा राग आला आणि रडूही आलं. त्याला मी त्याच संध्याकाळी परत आणलंय. तुला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. तू आलास की तू स्वतः त्याच्यासमोर जायचं, एवढं मात्र माझं ऐक.

काल विट्याच्या डॉक्टरांना शाळेतून फोन केला. ते म्हणाले, पुण्याला दाखवा, पण असं जुन्या काळात जाणारं माणूस हळूहळू तिथेच जास्त राहायला लागतं. गुंडा शेजारी बसेल, मी दर शनिवारी जाईन, गोळ्या देऊ, फाटक लावू. कॅमेरा ठेवायचा का परत करायचा ते दादासो पुढच्या आठवड्यात विचारतील, तुला हवा तर ठेव, दिसायचं ते दिसून गेलं. मी लिहिते आहे ते वेगळ्याच गोष्टीसाठी. आण्णा त्या पहाटे मला तेच तेच विचारत होते. पहिल्यांदा हसून, मग काळजीने, मग जवळजवळ विनवणी करत. काहीतरी त्यांना फार हवं होतं. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं की या बाईला भाषा येत नाही, आणि ते पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले. मी त्यांची थोरली लेक, त्यांच्या शेजारी पायरीवर बसून होते आणि मला त्यांचं एक अक्षर समजलं नाही. आपल्या घरात ती भाषा फक्त तुला येते. दुकान कुणाच्याही हाती दे आणि ये. ते काय मागतायत ते ऐक, आणि त्यांना उत्तर दे.

तुझीच,
अंजूताई