चौकातली मोकळी जागा

मंगळवार, तळासरी. दिवा लावून झाला, आता लिहिते.

जीव भांड्यात पडला. जपानहून आलेली चित्रकार युकी आणि मी मिळून एकच कापड रंगवायचं ठरलं होतं. आधी माझं, मग मी सोडलेल्या जागेत तिचं. आपल्याकडे लग्नात भिंतीवर काढतात तो चौक मी काढला आणि मधोमध जागा मोकळी ठेवली. ती पालघट देवीची. घरात लग्न नाही, लग्न लावणाऱ्या धवलेरीनं गाऊन बोलावलं नाही, मग देवी काढायची कशी? पण ही रीत युकीला सांगायची राहूनच गेली. दोन दिवस तेच डोक्यात, ती मोकळी जागा. सासूबाई म्हणाल्या, "तिथं तिनं मासा काढला म्हणजे? मग बस कपाळ धरून."

आज युकी कुंचला घेऊन त्या जागेकडे बराच वेळ बघत राहिली. मग दुभाषी ताईंकडून विचारलं, "इथं कोण राहतं?"

मी म्हटलं, "देवी. पण बोलावल्याशिवाय येत नाही."

तिनं मान हलवली. कुंचला खाली नेला आणि चौकाच्या बाहेर दोन लहान चपला रंगवल्या, दाराशी उतरवून ठेवल्यासारख्या.

सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात शिरायचं नाही, हे हिच्या आईनं शिकवलंय गं हिला."