दारावरचं शून्य

गुरुवार, १४ मार्च

नापास! एकोणीस वर्षं मला शाळेच्या स्वयंपाकघरात वेळेवर पोचवणारी माझी लाल गाडी आज वार्षिक तपासणीत नापास झाली. तपासनीसाने दाराखालच्या पट्टीला स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. "बाई, ही आता रस्त्यावर आणू नका," म्हणाला. सांत्वनाला आल्यासारखा आवाज काढून.

गुरुवारी शाळेत वाटाण्याचं सूप, तोच वास अंगाला. तशीच बाहेर उभी राहून ओस्मोला फोन केला. माझा थोरला भाऊ शब्द मोजून वापरतो.

"किती गंजलीय?"

"गुडघ्यापर्यंत."

  "आण इकडे."

ज्या शेडमध्ये तो आमच्या शर्यतीच्या गाड्या बांधायचा, तिचं दार दोन वर्षांत त्याने उघडलेलं नाही. मी फोन ठेवला आणि तिथेच, त्या तपासणीच्या आवारात, मूर्खासारखी रडले.

रविवार, १७ मार्च

ट्रॅक्टरला बांधून गाडी घरी आणली. म्हणजे ओस्मोच्या, आमच्या आईबापांच्या घरी. मागची सीट काढली, गालिचा उपसला. खाली एकोणीस वर्षांची वाळू, केसांच्या सात पिना, एक मिठाईचा कागद, आणि मी ज्याच्यासाठी सबंध घर उलथंपालथं केलं होतं तो डावा हातमोजा!

शेजारचा वेइयो कॉफीच्या वासावर आलाच. "ओस्मो, ही गाडी की चाळणी?"

"तू गाळून बघ," ओस्मो म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्याला थट्टा करताना ऐकलं.

पण पाना तीनदा हातातून पडला. "तेल लागलंय त्याला," म्हणाला. तेल नव्हतं. मी फडक्याने कोरडा पाना पुसला आणि परत त्याच्या हातात दिला.

शनिवार, २३ मार्च

कंपवाताची गोळी घेतल्यावर दीड तास त्याचा हात ऐकतो. मग पुन्हा स्वतःच्या मनाचा. तेवढ्या दीड तासात वेल्डिंग. बाकीचं सगळं मी — गंज घासणं, पत्रा कापणं, बोल्ट उकलणं. वेल्डिंगच्या मशीनला मात्र मी हात लावायचा नाही. १९८९ साली मी एक टाका मारायला गेले आणि ड्रायव्हरच्या सीटला आग लावली. तेव्हापासून मनाई! माझं काम शर्यतीत गाडी चालवायचं, त्याचं ती बांधायचं. तीस वर्षं असंच चाललंय.

आज कॉफीत बिस्कीट बुडवता बुडवता म्हणाला, "ही शेवटची, पोरी."

चौपन्न वर्षांच्या बाईला पोरी म्हणणारा जगात हा एकच उरलाय.

"काहीतरी बोलू नकोस," मी म्हटलं.

"पुढच्या मार्चात ह्या हाताने चमचा धरता आला तरी पुष्कळ." आणि बिस्कीट कपात तुटून पडलं.

रविवार, २४ मार्च

काल त्याचं बोलणं झाल्यापासून एकच विचार डोक्यात घोळतोय. गाडी विकली गेली तर?

आमच्या ह्या मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींचा नियमच असा. साधी माणसं, जुन्या गाड्या. कुणी पैसा ओतून दुसऱ्याला चिरडू नये म्हणून शर्यत संपली की मैदानातली कुठलीही गाडी कुणीही मागू शकतो. किंमत एकच, सगळ्यांना सारखी. चिठ्ठी टाकायची. चिठ्ठ्या जास्त आल्या तर सोडत. मालकाने नाही म्हटलं की त्याचं शर्यतीचं लायसन्स गेलं. तीस वर्षं मी हा नियम मीठ-भाकरीसारखा गिळत आले. आज पहिल्यांदा घशात अडकला.

ओस्मोला उलट तोच नियम प्यारा. शेडच्या दारावर आतल्या बाजूने पेन्सिलीने लिहून ठेवलंय: प्रत्येक गाडीचं साल आणि तिला किती चिठ्ठ्या आल्या ते. ७. १२. ९. एका साली १७! गाडी गेली की तो घरी येऊन शिव्या देत सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवायचा आणि मंगळवारी जुन्या गाडीचा नवा सांगाडा शोधायला बाहेर. खूश!

पण आता मंगळवार येणार नाही.

शनिवार, ६ एप्रिल

आज दाराखालची डावी पट्टी झाली. मनगटाखाली वाळूची पिशवी ठेवून, श्वास धरून, बोटाच्या पेराएवढा एकेक टाका मारतो. मग थांबतो. मग पुढचा. जिथे पूर्वी दहा मिनिटं लागायची तिथे तीन दिवस गेले. पण काय जोड आहे! मी हात फिरवला. कुठे सुरू होतो, कुठे संपतो, बोटाला कळत नाही.

"बरा आहे," मी म्हटलं. आमच्याकडे ह्याहून जास्त कुणी म्हणत नाही.

तो तोंड फिरवून वेल्डिंगचा मास्क पुसत बसला. उगाचच, बराच वेळ.

रविवार, ७ एप्रिल

ही गाडी मी कुणाला देणार नाही.

शनिवार, २७ एप्रिल

लोखंडी पिंजरा बसला. सीट बसली. खिडक्यांना जाळी, दिवे काढून जागेवर पत्रा. डोकं आपटलं तर फुटू नये म्हणून पिंजऱ्याच्या नळीला मी फोम गुंडाळला. पहिल्यांदा इंजिन चालू केलं तेव्हा ओस्मो डोळे मिटून नुसता ऐकत उभा होता. "तिसऱ्या सिलेंडरला जरा खोकला आहे," म्हणाला. प्लग बदलला. खोकला गेला.

लाल गाडी, चकचकीत, एकही पोचा नाही. ट्रॅकवर उतरवली की पंधरा चिठ्ठ्या ठेवलेल्याच. मला दिसतंय ना! 

गुरुवार, २ मे

केलं मी.

ओस्मो दवाखान्यात गेला होता. शेडमध्ये जाऊन हातोड्याने उजवं दार दोन जागी चेपलं. मग पुढचा कोपरा. पहिला घाव घालताना हात उठेना, दुसरा आपोआप पडला. नंतर जमिनीला द्यायचा उरलेला तपकिरी रंग सगळ्या गाडीला फासला, आणि त्याच्या त्या जोडांवर डांबराचा जाड थर. एकूण एक टाका झाकला. लांबून पाहिलं तर शेणात लोळलेली म्हैस!

तो आला, पाहत राहिला.

"लाकडांच्या ढिगावर आदळली," मी म्हटलं. "रंग कसातरी झाकायला मारला."

"आणि डांबर?"

"गंज धरू नये म्हणून."

"जोडाला गंज धरत नाही. मी मारलेल्या तर नाहीच." बस, एवढंच. पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं, सुटले.

रविवार, १९ मे

पहिली शर्यत. बायकांच्या गटात आम्ही अकरा जणी. ऊन, धूळ, भाजलेल्या सॉसेजचा धूर. गाडी अशी पळत होती की बस! वळणावर नुसतं मनात आणावं आणि तिने वळावं. दुसऱ्या नंबरवर होते. पुढची दमली होती, तिला घ्यायला एक वळण पुरे होतं.

तिसऱ्या वळणावर मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. तीन जणी धूळ उडवत पुढे गेल्या. पाचवी आले, अंतिम फेरीतून बाहेर. ठरवल्याप्रमाणे सगळं. 

संध्याकाळी फलकावर यादी लागली. ओस्मो गर्दीत घुसला. गाडीच्या नंबरावर थरथरतं बोट ठेवून पुढचा रकाना शोधायला लागला. मी मागे उभी. चिठ्ठ्या: एकही नाही.

त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग तिसऱ्यांदा.

वेइयो म्हणाला, "अरे, होतं असं कधीतरी." तो चांगल्या मनाने म्हणाला. तरी मला त्याचं तोंड दाबावंसं वाटलं.

साठ किलोमीटर परत आलो, ट्रेलर मागे खडखडत. ओस्मो एक शब्द बोलला नाही. कपाळकरंटी मी! गाडी वाचवताना माणूस विसरले. गाडी गेल्याचं त्याला दुःख कधीच नव्हतं. कुणी मागितली नाही ह्याचं होतं. आणि त्याला वाटणार की हात गेला.

सोमवार, २० मे

दारावर लिहिलंय. १७ च्या खाली, वाकडंतिकडं, तळहाताएवढं मोठं — ०.

गुरुवार, ३० मे

शाळेत वर्षाचं शेवटचं वाटाण्याचं सूप. करपलं! वीस वर्षांत पहिल्यांदा. पोरांनी गुपचूप खाल्लं.

घरी जाताना ओस्मोकडे डोकावले. तो गोळी वेळेवर घेत नाही, टेबलावर पाकीट तसंच. शेडमध्ये मशीनच्या जागी चौकोनी स्वच्छ फरशी. मशीन नाही!

"वेइयोला दिलं," म्हणाला. "त्याचा नांगर तुटलाय."

"परत कधी देणार तो?"

"परत कशाला?"

सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. पण काय सांगू? तुझ्यावर दया आली म्हणून मी तुझी लाज काढली? हे त्याला सांगणं म्हणजे दुसऱ्यांदा मारणं. तशीच घरी गेले. स्वतःचा इतका राग मला आजवर आला नव्हता.

रविवार, ९ जून

शाळेला सुट्टी लागली. आठ दिवस शेडमध्ये एकटी. डांबर खरवडून काढलं, रॉकेलने पुसलं. एकेक टाका उजेडात आला. नखं काळी, खांदा भरून आलाय. तपकिरी रंग घासून लाल वर आणला. दारं आतून ठोकून सरळ केली. जिथे जमलं नाही तिथे पोचा राहिला, राहू दे.

ओस्मो स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतो. बाहेर येत नाही.

आज मीच गेले. "येत्या रविवारी शर्यत आहे. येतोस?"

"पाचवी यायला?"

"नाही."

 "येतो," म्हणाला.

रविवार, १६ जून



आज पाय उचललाच नाही. पहिल्या फेरीत पहिली, दुसरीत पहिली. अंतिम फेरीत सुरुवातीलाच एकीने मागून ढकललं, आडवी झाले, सगळ्यांच्या मागे पडले. मग दातओठ खाऊन एकेकीला गाठलं. तिसऱ्या वळणावर, त्याच वळणावर, बाहेरून गेले. तिथून कुणी जात नाही. गाडीने धरून ठेवलं. त्याच्या जोडांनी धरलं. जिंकले!

चौदा चिठ्ठ्या.

सोडतीत लापुआ गावच्या एका बाईचं नाव निघालं. गोठ्यात तीस गाई, हातांना दुधाचा वास. तिने दार उघडलं, खाली वाकून पट्टीवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. "हे कुणी केलं?"

"मी," ओस्मो म्हणाला.

हात खिशात घातलेले होते. ते त्याने बाहेर काढले आणि तिच्या हातात हात दिला. थरथरत होता, तरी दिला.

गाडी तिच्या ट्रेलरवर चढवली. मी इंजिनाच्या झाकणावर थाप मारली. एकोणीस वर्षं! ती धुळीत दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिलो. शेवटची गेली. मी रडले, सगळ्यांसमोर, आणि कुणाला काही वाटून घ्यायची गरज नव्हती.

सोमवार, १७ जून

ओस्मोने दारावर १४ लिहिलं. खूप वेळ लागला. मदतीला माझा हात पुढे गेला होता, मी तो मागे घेतला. शून्य मात्र त्याने खोडलं नाही. मला वाटलं होतं खोडेल.

शेड रिकामी. झाडून काढली.

मंगळवार, २५ जून

सकाळी गेले तर वेइयोकडून मशीन परत आलेलं. शेजारी एक निळा सांगाडा, गंज कंबरेपर्यंत.

ओस्मोने स्वतःचा मास्क माझ्या हातात दिला. "मे महिन्यात तिसऱ्या वळणावर तू पाय उचललास, जूनमध्ये नाही. इंजिनाच्या आवाजावरून कळलं. माझे हात कापतात, कान नाहीत."



"माझी कीव करणाऱ्या माणसाबरोबर मी गाडी बांधत नाही," म्हणाला. "ते शून्य तुझं आहे, माझं नाही. राहू दे तिथे. घाल मास्क."

पहिला टाका वाकडा आला. त्याने बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "घासून काढ. पुन्हा मार."